दहावी राहिलेल्या मोठ्या माणसांचा रात्रवर्ग : सगळ्यांना १७ नंबरच का?

पेठेतली_बाई

नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीतल्या तालमीची माडी संध्याकाळी मोकळी असते. तिथं आम्ही तिघी मिळून शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मोठ्या माणसांचा वर्ग घेतो. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका, शिरोली एमआयडीसीतले फाउंड्री कामगार, एक रिक्षावाले काका, लक्ष्मीपुरीत भाजी विकणाऱ्या एक मावशी, असा सगळा गोतावळा. प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं : "बाई, १७ नंबर भरायचाय." म्हणजे बाहेरून दहावी द्यायचा फॉर्म.

धागा त्याच्यासाठीच काढला. दहावी म्हणजे १७ नंबर हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की दुसरा रस्ता कुणी विचारतच नाही. सहावीत शाळा सुटलेली बाई वीस वर्षांनी एकदम दहावीचं बीजगणित उघडते, दिवाळीपर्यंत कशीबशी टिकते, मग "डोक्यात शिरत न्हाई" म्हणून यायची बंद. डोकं चांगलं असतं हो. रस्ता चुकीचा धरलेला असतो. म्हणून आम्ही आता फॉर्मच्या आधी एकच विचारतो : दाखला कशाला पाहिजे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १७ नंबर म्हणजे राज्य मंडळाची नेहमीचीच दहावी, फक्त खासगी विद्यार्थी म्हणून. किमान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण पाहिजेत. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि त्याची प्रत व शाळा सोडल्याचा मूळ दाखला संपर्क शाळेत द्यायचा. विषय सहा, पेपर शाळेतल्या पोरांचाच, फेब्रुवारी-मार्चला. पास व्हायला विषयाला साधारण पस्तीस गुण. गणित, विज्ञान, इंग्रजी यातून सुटका नाही.

दुसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासूनची. तिथं दहावीला पाच विषय आणि ते बरेचसे आपल्या निवडीचे. गणित घेतलंच पाहिजे असं नाही. मराठी माध्यम आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षं चालतो, सुटलेला विषय सुटला, राहिलेला पुढच्या वेळी द्यायचा. पास व्हायला तेहतीस टक्के.

तिसरा रस्ता राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ. त्यात पाचवी, आठवी, दहावी असे वेगवेगळे स्तर आहेत. तिसरी-चौथीतच शाळा सुटलेल्यांना १७ नंबर भरताच येत नाही, त्यांना हा आधार.

इथं असे वर्ग घेणारे किंवा अशी परीक्षा दिलेले कोण असतील तर लिहा.

गंगावेस_४१६

बाई, काम झकास. पण मुद्दा पटला नाही. माणूस पन्नाशीला दहावी करतोय तो शेजाऱ्यापाजाऱ्यांत ताठ मानेनं "दहावी झालो" म्हणण्यासाठी. गणित सोडून केलेली दहावी ही पळवाट झाली. आणि मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न : कुठल्या बोर्डाची? आपलं कोल्हापूर विभागीय मंडळ असताना दुसरीकडं कशाला जायचं?

पेठेतली_बाई

@गंगावेस_४१६ मानासाठी पाहिजे असेल तर तेही एक उत्तरच आहे की. त्याला १७ नंबरच द्यावा, मी स्वतः फॉर्म भरून देईन. पण बघा, वर्गातल्या एकाला आखातात वेल्डिंगच्या कामाला जायचंय. दहावी नसेल तर पासपोर्टवर ईसीआरची नोंद राहते आणि आखाती देशांत कामाला निघाला की आधी परवानगी काढावी लागते. दहावी पास झाला की ती भानगड मिटली. त्याच्या पासपोर्टला भूमितीचं प्रमेय कोण विचारणार आहे?

उलट दुसऱ्याला आयटीआयला फिटर करायचंय. तिथं दहावी गणित-विज्ञानासह लागते. त्यानं गणित सोडून मुक्त शाळेची दहावी केली तर वर्ष पाण्यात. आणि नुसतं वेल्डर किंवा वायरमन करायचं असेल तर आठवी पासवरही प्रवेश मिळतो, हे त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं!

रिक्षावाल्या काकांची तऱ्हाच वेगळी. त्यांना वाटत होतं बॅज टिकवायला शिक्षण लागेल. वाहतूक परवान्याची आठवीची अट केंद्रानं २०१९ मध्येच काढून टाकली. मी म्हटलं, "काका, तुम्हाला दाखल्याची गरजच नाही." तर म्हणाले, "मला बँकेतली स्लिप स्वतः भरायचीय, दर वेळी वाचमनला विचारतोय." मग त्यांना दहावीचं पुस्तक कशाला? ते आता स्लिपा, वीजबिल आणि पेपरातली पहिल्या पानावरची बातमी यावरच शिकतात. सगळ्यात नियमित तेच येतात.

मोल्डर_शिरोली

मी बाईंच्याच वर्गातला. फोनवर बोलून लिवतोय, चुका असतील.

सगळी म्हणतात अभ्यासाला वेळ काढ. वेळ हाय हो, पर त्यो एका जागी न्हाई. एक आठवडा पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी. दुसऱ्या पाळीला घरी याला मध्यरात. मग त्यो आख्खा आठवडा वर्ग बुडतोय. परत आलो की फळ्यावर तिसरंच कायतरी. याच्या आधी एका ठिकाणी जात होतो, तिथले सर म्हणायचे सातत्य न्हाई तुझ्यात. आता पाळी काय मी लावतोय व्हय?

बाईंनी रात्रीचाच धडा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला परत घ्यायला चालू केला. रात्र पाहिजे त्यानं रात्री, सकाळ पाहिजे त्यानं सकाळी. तवापासनं गळती थांबली बघा.

दूधकट्टा

नाद खुळा! 👏

उचगावची_सून

शाळा सोडल्याच्या दाखल्याची अडचण कुणी बोललंच नाही. अभ्यास नंतरचा, माझं घोडं दाखल्यापाशीच अडलं होतं. माझी शाळा सातवीत सुटली तेव्हा दाखला कुणी काढलाच नाही. शाळेत गेले तर कारकून म्हणाले, जुन्या रजिस्टरात शोधावं लागेल, चार दिवसांनी या. गेले. परत चार दिवसांनी या. शेवटी सासरे सोबत आले तेव्हा रजिस्टर दहा मिनिटांत सापडलं.

त्यात नाव माहेरचं, आधार कार्डावर सासरचं. आईचं नाव एकीकडं घरातलं, दुसरीकडं कागदावरचं. जन्मतारीख १ जून. 😀

गंगावेस_४१६

१ जून! आमच्या घरात माझा, थोरल्या भावाचा आणि काकांचा, तिघांचा वाढदिवस १ जूनला. गुरुजींनी एका बसणीत उरकलेले जन्म.

निवृत्त_गुरुजी_पन्हाळा

हसू नका, मीही अशा नोंदी केल्यात. आईबाप सांगायचे "बेंदराच्या आधी झाला" किंवा "लई पाऊस झाला त्या साली". त्यावरून वय धरायचं आणि पहिलीत बसेल अशी तारीख टाकायची.

उचगावच्या ताईंसारख्यांसाठी सांगतो. शाळेचं जनरल रजिस्टर हा कायमचा दप्तरी कागद, तो फेकता येत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, अर्जात प्रवेशाचं अंदाजे वर्ष आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहा. वर्ष माहीत नसेल तर त्याच वर्गात असलेल्या एखाद्या मैत्रिणीच्या दाखल्यावरचं बघून लिहा, शोधणाऱ्याचं काम निम्म्यावर येतं. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद. शाळाच बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा, दप्तर कुठं वर्ग केलं ते तिथं सांगतात.

आणि एक. दुरुस्ती करायची तर फॉर्म भरायच्या आधी करा. मंडळाच्या गुणपत्रिकेवर एकदा चुकीचं नाव छापून आलं की पुढं प्रत्येक कागदाला प्रतिज्ञापत्र जोडत बसावं लागतं.

पेठेतली_बाई

गुरुजी, हे छापून माडीच्या दारावर लावते.

गणिताकडं वळते, कारण गळती तिथंच सगळ्यात जास्त. मोठ्या माणसाला हिशोब येत नाही असं नसतं. कागदावरचा हिशोब त्याला आपला वाटत नाही, अडतं ते तिथं. भाजीवाल्या मावशींना मी तोंडी विचारलं, "साडेतेरा रुपये पाव किलो, पावणेतीन किलो घेतलं तर किती?" माझं बोट मोबाइलवर जायच्या आत उत्तर : "चोपन रुपये किलो. तीन किलोचे एकशे बासष्ट. त्यातला पाव किलो काढा. एकशे साडेअठ्ठेचाळीस."

तेच वहीत घातलं : २.७५ गुणिले ५४. मावशींनी गुणाकार बरोबर केला, उत्तर लिहिलं १४८५०. दशांशचिन्ह गायब. पाठ्यपुस्तकाप्रमाणं मी "दोन घरं सोडून टिंब द्या" असं सांगितलं असतं तर त्यांनी पाठ केलं असतं आणि आठवड्यानं विसरल्या असत्या. मी विचारलं, "मावशी, पावणेतीन किलोचे चौदा हजार?" त्या म्हणाल्या, "एवढ्या भावानं कोण मेला घेतोय!" आणि टिंब स्वतःच योग्य जागी दिलं. तेव्हापासून आमचा नियम : आधी तोंडी अंदाज वहीच्या कोपऱ्यात लिहायचा, मग रीत करायची. दोन्हींत फार फरक पडला तर रीत तपासायची.

मोल्डरदादांचंही तसंच. दोनशे चाळीस कास्टिंगपैकी अठरा रिजेक्ट झाले तर शंभरात साडेसात, हे ते सुपरवायझरच्या आधी सांगतात. शेकडेवारी हा धडा त्यांना शिकवायचाच नाही, त्यांना फक्त दाखवायचं की धड्यात आहे ते हेच.

मोल्डर_शिरोली

व्हय, पर ते एक्स काय अजून पचंना.

अंकगणित_वेडा

@मोल्डर_शिरोली दादा, एक्स म्हणजे वजन न केलेला साचा. तो आणि बारा किलो मिळून काट्यावर तीस भरले तर साचा किती? अठरा ना? झालं समीकरण. पेपरात फक्त तुमचा काटा मधोमध "बरोबर" या चिन्हानं दाखवतात. दोन्ही बाजूंनी सारखंच काढायचं, एवढाच कायदा.

मोल्डर_शिरोली

आता समजलं. हे पहिल्या दिवशी का सांगत न्हाईत राव?

ह्यूस्टनची_कोल्हापूरकर

मूळची राजारामपुरीची, आता टेक्सासमध्ये. इथं मोठ्या माणसांच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून जाते म्हणून लिहिते. इथली शाळा सुटलेल्यांची परीक्षा जीईडी. १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी सुरू झाली, शाळा सोडून लढाईवर गेलेल्या पोरांना परत बाकावर बसवायचं कसं हा प्रश्न होता. आज चार विषय : गणित, भाषा, विज्ञान, समाजशास्त्र. एकेक विषय वेगळा देता येतो. गुण १०० ते २०० मध्ये मोजतात, १४५ ला पास.

पण सांगायचंय ते वेगळंच. वर्गात कुणाला थेट जीईडीच्या पुस्तकावर बसवत नाहीत. आधी वाचन आणि गणिताची चाचणी. एखादा माणूस वाचनात आठवीच्या पातळीला आणि गणितात चौथीच्या पातळीला निघतो, मग त्याला दोन वेगळ्या गटांत घालतात. तो शाळा कितवीत सोडून आला हे कुणी धरतच नाही. बाईंनी हे करून बघावं. सहावीत शाळा सुटलेल्या पण रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला सहावीचा मराठीचा धडा देणं हा त्याचा अपमान आहे.

पेठेतली_बाई

मस्त. विषयागणिक गट करायचं मनात होतं, आता करतेच. माडीवर दोनच फळे आहेत, पण एक गट जिन्यात बसेल.

गंगावेस_४१६

अमेरिकेचं सोडा, आपल्याकडं काय कमी होतं? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! कर्मवीर भाऊराव आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले. एवढं होऊन आज पेठेत सातवीत शाळा सुटलेल्या बायका निघतात, याची लाज कुणाला वाटायची?

निवृत्त_गुरुजी_पन्हाळा

लाज वाटून काम होत नाही, कामाला माणसं लागतात. शेजारच्या साताऱ्यात १९५९ ला ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढं ती राज्यभर गेली. गावंच्या गावं साक्षर जाहीर झाली. पण नंतर हातात वाचायला काही नसेल तर अक्षरं विरतात, हे आम्ही नोकरीत डोळ्यांनी बघितलं. हल्ली "उल्लास" म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांपुढच्यांसाठी, शिकवायला स्वयंसेवक. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी पन्नास, अशी दीडशे गुणांची चाचणी. चांगलं आहे. पण निरक्षर शोधायचं सर्वेक्षण आलं शिक्षकांच्या माथी, आणि २०२३ मध्ये राज्यात शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. मला दोन्ही बाजू कळतात.

चाचणी पास झालेली आजीबाई पुढं कुठं जाते, हे कुणी बघत नाही. तिला तुमच्या माडीवर पाठवलं पाहिजे.

पाचगाव_दीपा

एक धोक्याची सूचना. माझ्या नणंदेला शहरातल्या एका क्लासवाल्यानं "महिन्यात दहावी, अभ्यास नको, परीक्षा नको" म्हणून पैसे घेऊन एका परराज्यातल्या बोर्डाची गुणपत्रिका दिली. कागद चकचकीत, होलोग्राम वगैरे. नोकरीच्या ठिकाणी पडताळणीत बाद. आता त्या क्लासला कुलूप. परीक्षा न देता दहावी देणारा कुणीही असो, लांबूनच नमस्कार करा. मुक्त शाळा म्हणजे परीक्षेतून मुक्ती नव्हे.

गंगावेस_४१६

हेच मी म्हणत होतो. लोक मुक्त शाळेला नाकं मुरडतात ते या भामट्यांमुळं.

पेठेतली_बाई

बरोबर. म्हणून एनआयओएस आणि राज्याचं मुक्त मंडळ या दोनच नावांवर आम्ही जातो, आणि नोंदणी वर्गात बसून, माणसाच्या स्वतःच्या मोबाइलवरून, त्याच्या देखत. ओटीपी त्याच्याच फोनवर यायला पाहिजे.

उचगावची_सून

बाई, मी अंगणवाडी मदतनीस व्हायच्या विचारानं दहावीला लागले होते. आता तिथंही बारावी मागतात. मग दहावी करून काय?

पेठेतली_बाई

ताई, तुमच्यासाठी प्रश्न सोपा झालाय. बारावीच करायची म्हटल्यावर दहावी अशी करा की पुढं अडू नये. कला शाखेला गणित लागणार नाही, पण इंग्रजी सोडू नका. तुम्ही वाचनात पक्क्या आहात, तुमच्या पोस्टवरूनच दिसतंय. एनआयओएसला मराठी, इंग्रजी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान आणि एक तुमच्या आवडीचा विषय घ्या. ऑक्टोबरला दोन, एप्रिलला तीन असे फोडून द्या. एका दमात सगळे विषय द्यायचा ताण घ्यायचं कारण नाही. पण मूळ दाखला आणि नावाचं आधी उरका, गुरुजींनी सांगितलंय तसं.

गंगावेस_४१६

आणि हात? पेपर दोन-तीन तासांचा. वीस वर्षं पेन न धरलेल्या माणसाचा हात पाऊण तासात भरून येतो. आमच्या काकांचा इतिहासाचा पेपर येत असून राहिला तो यामुळंच.

पेठेतली_बाई

अगदी खरं. आमच्याकडं पहिले काही आठवडे रोज शेवटची पंधरा मिनिटं नुसतं उतरवून काढायचं असतं. काहीही, भजन चालेल, गोकुळची दुधाची पावती चालेल. हळूहळू वेळ वाढवत नेतो. बायका पेन इतकं दाबून धरतात की मागच्या पानावर अक्षर उमटतं, तर पकड सैल करणं हाच पहिला धडा.

दुसरं, चष्मा. चाळिशीच्या पुढचे निम्मे लोक "मला वाचता येत न्हाई" म्हणतात तेव्हा त्यांना दिसत नसतं. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतात आणि पुस्तकातली नाही, असं कुणी म्हटलं की मी आधी डोळे तपासायला पाठवते, मग बाराखडी.

गंगावेस_४१६

बरं बाई, हरलो. नाही, पूर्ण नाही, माझ्या काकूला १७ नंबरच भरायचाय, गणितासकट. पण आधी डोळे तपासून आणतो. कधी आणू?

पेठेतली_बाई

रविवारी सकाळी दहाला. नवीन लोकांची वाचन-गणिताची चाचणी त्याच दिवशी घेऊ, ह्यूस्टनच्या ताई सांगतात तशी. काकूंचा दाखला आणि आधार, दोन्हींच्या दोन झेरॉक्स आणा. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, चालत या.

मोल्डर_शिरोली

रविवारी माझी सुट्टी हाय. शेकडेवारी मी घेऊ का बाई? ती येतीय मला.

पेठेतली_बाई

घ्या की. खडू टेबलाच्या खणात आहेत.